आधी नाव, मग सर्व्हिस

शटल मुठीत धरून आमचे बॅडमिंटनचे सर विचारायचे, "नाम?"

समोरच्याला नावानं हाक मारायची, मगच सर्व्हिस करायची. चिडवायचं नाव घेतलं की पॉइंट गेला. नातवंडांनो, हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. पण चंदीगडच्या आमच्या सेक्टरच्या पार्कात तो चालायचा, आणि शिट्टी-वही घेऊन गुण लिहायला मी बसायचे.

नियम आला तो शेजारच्या दिव्यामुळे. नांदेडच्या डॉक्टरांची ही नऊ वर्षांची लेक, रंगानं सावळी. मुलं तिला ‘कल्लो’ म्हणायची. भर मे महिन्यात ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायची. आठ-दहा पॉइंट गेले तशी मुलं सुधारली, आणि दिव्याच्या बाह्या हळूहळू कोपरापर्यंत वर आल्या.

सर मणिपूरचे, झिरकपूरहून स्कूटरवर यायचे. एका संध्याकाळी रहिवासी संघाचे सेक्रेटरी लांबूनच ओरडले, "ओए मोमो, नेट कस के बाँध!"

सर हसले. "जी सर."

दिव्या धावत माझ्याकडे आली. "आजी, अंकल का पॉइंट काटो ना!"

"ते खेळत नाहीयेत, बाळा," मी म्हणाले. उत्तर मला अगदी चोख वाटलं.

"स्कूल में कल्लो बोलते हैं, तब भी तो कोई खेल नहीं रहा होता," ती म्हणाली, आणि तिनं बाह्या खाली ओढल्या.

सरांनी ते पाहिलं. हातातली दोरी सोडून ते सेक्रेटरींसमोर जाऊन उभे राहिले. "सर, मेरा नाम पूछिए."

"अरे यार, प्यार से बोलते हैं!"

"पूछिए, सर."

खेळ थांबला होता. सेक्रेटरींनी विचारलं नाही. मीही खुर्चीतून उठले नाही.

पुढच्या महिन्यात सरांच्या जागी ‘अधिक अनुभवी’ कोच आले. संघाची तशी नोटीस सह्यांसाठी घरोघर फिरली तेव्हा मी सही केली नाही, एवढंच. बोलले काहीच नाही. दिव्या अजून खेळायला येते, चांगली खेळते. माझ्याकडे मात्र येत नाही.

ईशान, परवा फोनवर तू म्हणालास, "वर्गातली मुलं गमतीनं मला काहीतरी म्हणतात, आजी. इट्स फाइन." आणि मी लगेच विचारलं, जेवलास का?

तेव्हापासून चैन नाही. रविवारी फोन करशील तेव्हा ती मुलं नेमकं काय म्हणतात, ते मला सांग. मी विषय बदलणार नाही.