दुसऱ्या व्हायोलिनची पानं

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत कामतघरला कापडाचे लूम दुरुस्त करायचो आणि चाळीतल्या एका खोलीत एकटा राहायचो. गाव वसई. तिथल्या चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या सरांकडे मी व्हायोलिन शिकलो होतो. नोकरीसाठी निघालो तेव्हा त्यांनी हातात चार पानं ठेवली. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन माणसाचा सोनाटा होता. दोन व्हायोलिन, एक चेलो आणि खाली पायपेटीचा आधार. एका व्हायोलिनने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. माझी पानं दुसऱ्याची.

"नाताळात वाजवू. तुझी जागा ठेवतो," सर म्हणाले.

पहिली दोन वर्षं नाताळात रजाच मिळाली नाही. सरांनी मात्र जागा खरंच ठेवली. त्या जागेच्या भरवशावर मी भिवंडीत तग धरून होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ड्युटीवरून आलो की वाजवायला बसायचो. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. मी तीन वर्षं वाजवून पाहिली. पहिलं व्हायोलिन बोलतं तिथे मला गप्प राहायचं असे. तालाची ती रिकामी मापं मी भिंतीपलीकडच्या लूमच्या ठोक्यांवर मोजायचो. ठोका पक्का, रेसभरही इकडेतिकडे नाही. शेजारचा विणकर दारातून ओरडायचा, "मास्टर, गाना फिर अटक गया क्या?"

"अटका नहीं, मेरी बारी नहीं है!" मीही ओरडायचो. तो हसत निघून जायचा, आणि मग खोली आणखीच रिकामी वाटायची.

शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी माझा हात अडखळायचा. मी ते आळसावर ढकललं.

तिसऱ्या नाताळात रजा मिळाली. वसईला जाऊन तालमीला बसलो. संथ भाग सुरू झाला आणि दुसऱ्याच ओळीत माझे सूर पहिल्या व्हायोलिनच्या अंगावर जाऊन आदळले. सरांनी पायपेटीवरचे पाय थांबवले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी चिडलो. "माझी मापं बरोबर आहेत, सर!"

"मापं बरोबर आहेत रे. पण तू आपलंच घोडं पुढे दामटतोस. आमचं ऐकतच नाहीस."

शिवाय लूमच्या खडखडाटात ऐकू जाईल एवढ्या जोराने मी वाजवत होतो. दोन दिवस धडपडलो, काही सुधारलं नाही. शेवटी सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "या वर्षी तू समोर बस. ऐक."

अपमान झाला. निघून जावंसं वाटलं, पण भिवंडीच्या खोलीत नाताळ काढायची हिंमत नव्हती. नाताळच्या रात्री बाकावर बसलो. माझे सूर सरांनी पायपेटीवर उजव्या हाताने वाजवले. तेव्हा लक्षात आलं, पहिलं व्हायोलिन प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळत होतं. उत्तर देणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून. पानावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्यासाठी कुणी असं थांबत असेल, हे तीन वर्षांत मला सुचलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि भरल्या चर्चमध्ये मी ते लपवलं नाही.