उंबऱ्यापुढचं पाऊल

महादू गेल्याचं सांगायला त्याचा थोरला मुलगा केडगावहून आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "नीट बघ रे, झेप मारून पडला असेल... उठेल." काय करू? हा माणूस मी हजारदा आडवा झालेला पाहिला होता, आणि हजारदा छातीशी चेंडू घेऊन उठलेला. या खेपेला उठला नाही.

त्याचा बाप नगरच्या कॅम्पातल्या बराकी शाकारायचा. बाप खालून कौल फेकी, महादू छपरावर झेली. ताठ हातानं धरलं तर कौलाचे तुकडे. म्हणून झेलता झेलता एक पाऊल मागं सरायचं आणि कौल पोटाशी निजवायचं. एकदा गोऱ्या सोल्जरांचा फुटबॉल वर आला. तोही यानं तसाच निजवला. गोऱ्यांनी टोप्या काढल्या, घोड्यांनी माना लववल्या. (घोड्यांचं मी नंतर घातलं.) लढाईचे दिवस होते. मुंबईच्या एका गिरणीनं त्याला सोळाव्या वर्षी उचललं. नावाला साचेखात्यात मागावर, पगार मात्र गोल राखण्याचा.

थोड्याच दिवसांत गिरणीचा संघ नगरला आला, गोऱ्या पलटणीशी खेळायला. पारनेरपर्यंतची माणसं लोटली होती. झाडांवर पानांपेक्षा माणसं जास्त. मी गोलामागं. आपला संघ एका गोलानं पुढं. तेवढ्यात गोऱ्यानं तोफेसारखा फटका हाणला. महादूनं तो अलगद झेलला... आणि सवयीनं एक पाऊल मागं सरला. चेंडूसकट रेषेच्या आत! शिट्टी. गोल!

मध्यंतरात गिरणीचा मॅनेजर थंडपणे म्हणाला, "पुन्हा मागं गेलास तर मुंबईला येऊ नकोस. बाप आहेच तुझा, कौलं फेकायला."

महादू माझ्याजवळ आला. ओठ पांढरे. "अण्णा, म्या लई मागं जातू का रं?"

"व्हय. छपरावर हायस असं वाटतं तुला."

"पाय आपसूक जातोय गड्या. त्येला कसा धरू?"

तो परत गेला, आणि रेषेपुढं एक पाऊल अंतरावर टाचेनं मातीत ओरखडा काढून तिथं उभा राहिला.

खेळ संपत आला. बरोबरीच होती. उंच चेंडू थेट गोलावर उतरू लागला, आणि खाली एक रेड्याएवढा गोरा खांदा देत धावला. तेव्हा गोलकीपरला धडक मारायची मुभा होती. महादूनं चेंडू घेतला. धडक बसली. पाऊल मागं गेलं... पंच वाकला. टाच रेषेवर होती, चेंडू पोटाशी, रेषेच्या अलीकडं. पंचानं मान हलवली. गोल नाही!

मॅनेजर एवढंच म्हणाला, "वळकटी बांध. सकाळची गाडी आहे."

बोटं मोडेपर्यंत तो मुंबईला खेळला, मग परतला. पण ते पाऊल गेलं नाही. दारात कुणी काही द्यायला आलं की उंबऱ्यापुढं एक पाऊल येऊन उभा राही, वस्तू घेई, आणि मागं सरे... बरोब्बर उंबऱ्यापर्यंत. बायको म्हणे, "आवो, घरात या की. कोन गोल देतंय तुमाला?"

तो गेल्यावर परवा त्याच्या घरी गेलो. जाताना पेरू नेले होते. थोरला घ्यायला आला, तो उंबऱ्याच्या आतच थांबला. मी हात पुढं केला, पण पिशवी सोडवेना माझ्यानं. म्हणालो, "बाबा, एक पाऊल पुढं ये."

तो आला.