दुसऱ्यांदा पुकारलेलं नाव

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो आणि बोटीवर खलाशी म्हणून गेलो. त्यामुळे लिहिण्यात चूक असेल, सांगण्यात नसेल.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमची बोट दुरुस्तीसाठी अमेरिकेच्या एका बंदरात अडकली होती. बोटीवरचा आचारी गोव्याचा. त्याला तिथल्या बेसबॉलचं फार वेड. त्यानेच मला तिथली एक रीत सांगितली. मोसम बराच पुढे गेला की संघांनी आपापसांत गुपचूप गडी बदलायचे नाहीत. गडी द्यायचा तर त्याचं नाव आधी सगळ्यांपुढे टाकायचं. मागायचा पहिला मान सगळ्यांत खालच्या संघाचा. कुणालाच नको असेल तर खुशाल कुणाशीही अदलाबदल करा. कुणी मागितलाच आणि सोडवत नसेल तर नाव मागे घ्या, पण एकदाच. तेच नाव पुन्हा टाकलं की गडी गेला. मला हे फार पटलं.

कारण आमच्याकडे पाच वाड्यांचे हुतुतूचे सामने व्हायचे, आणि शिमगा झाला की किनाऱ्याची वाडी सुरमईचं जेवण घालून दुसऱ्यांचे गडी पळवायची. मग मारामाऱ्या. बोट सोडून घरी आलो तेव्हा मी देवळापुढे सगळ्यांना बसवून ही रीत समजावली. लोक हसले. "इलो अमेरिकेचो वकील!" म्हणाले. पण मी हटलो नाही. तीन बैठका घेतल्या, शेवटी कंटाळून सगळ्यांनी हो म्हटलं. शाळेच्या मास्तरांनी वहीत नियम लिहून घेतला.

आमच्या वाडीचा कप्तान मी. दोन वर्षं ढाल आमच्याकडे होती. तिसऱ्या वर्षी जिंकलो की ती कायमची आमची. आमचा खरा आधार होता माझा मेव्हणा. आमच्याच घरी राहायचा. घोटा धरला की समोरचा माणूस जमिनीला खिळायचा. पण सरावाला कधी वेळेवर येईल तर शपथ! त्याला धाक बसावा म्हणून मी त्याचं नाव टाकलं. गुणांत तळाला असलेल्या वाडीने लगेच मागितलं. मी हसून मागे घेतलं.

पंधरा दिवस नीट गेले. मग एका रविवारी मी भर मैदानात वाट बघतोय आणि हा उन्हं उतरल्यावर उगवला.

"खंय होतंस रे?"

"मालवणाक. बांगडे बरे इल्ले, भावोजी."

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "मास्तर, ह्येचा नाव टाका!"

"दुसऱ्यांदा होईल हे," मास्तर म्हणाले. "विचार करा."

"केलो विचार. टाका!"

तळाच्या वाडीचा कप्तान उठून उभाच राहिला. "आमका व्हयो!"

सगळे म्हणाले, जाऊ दे, खेळच तो, घे परत. आमचेच गडी माझ्या पाया पडायला लागले. पण नियम आणला कोणी? मी. मग मोडणार कोण? मी नाही.

घरी बायकोने तवा आपटला. "माझ्या भावाक वाटेर टाकलास काय?"

"वाटेर खंय? तो हयच जेवता मा?"

खरंच, तो जेवायचा माझ्या पानाशेजारी आणि खेळायचा त्यांच्याकडून. आता मात्र सरावाला वेळेवर जायचा, हे मला फार झोंबायचं.

शेवटचा सामना त्यांच्याशीच पडला. त्यांना ढाल मिळणार नव्हतीच, पण आम्हाला ती हवी तर जिंकणं भाग होतं, नाहीतर ती किनाऱ्याच्या वाडीला जाणार होती. गुण बरोबरीत, शेवटची चढाई माझी. हुतुतू म्हणत आत शिरलो, एकाला शिवलो, वळलो, आणि घोट्यावर पकड बसली. कोणाची ते मागे न बघताच कळलं. मी तोंडावर पडलो. तरी दम सुटला नव्हता. सरपटत सरपटत गेलो, हात रेघेपासून वीतभर लांब उरला.

मागून हळूच आवाज आला, "भावोजी, लागला काय? सोडू?"

माझ्यावर दया! माझ्या घरात जेवून माझ्यावर दया! मी गरजलो, "सोडलंस तर बघ!"

झालं. बोललो तिथेच दम तुटला. मास्तरांची शिट्टी वाजली, ढाल किनाऱ्याच्या वाडीला गेली, आणि तळाची वाडी जणू आपणच जिंकल्यासारखी त्याला खांद्यावर घेऊन नाचली. आमचे गडी आधी माझ्याकडे रागाने बघत होते, मग एकाला हसू फुटलं आणि सगळेच लोळायला लागले. मीही हसलो, पण थोडा उशिरा.

पुढच्या वर्षी नियम काढून टाकायची बैठक बसली. मी एकटाच विरोधात होतो. पुन्हा तीन बैठका झाल्या, आणि नियम राहिला.

त्या दिवशी त्याने खरंच काळजीने विचारलं होतं की तो डाव होता, हे मला आजतागायत ठाऊक नाही. तो अजून आहे, जामसंड्याला असतो, गणपतीला येतो. विचारलं तर सांगेलही. पण मी विचारणार नाही.