शेंदूर लागलेला ग्रॅनाइट

माझे वडील विहिरी खोदायचे. मोर्शी आणि चांदूर बाजारच्या मधल्या गावांत त्यांच्या टोळीने किती विहिरी पाडल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग पाणी खाली गेलं, संत्र्याच्या बागा उभ्या वाळायला लागल्या आणि गावात बोअरची गाडी आली. जे काम टोळीला दोन उन्हाळे पुरायचं ते गाडी एका दिवसात आटपून निघून जाई. पुढे बोअरही कोरडे जायला लागले आणि कोणी काहीच खोदेना. त्या वर्षांत शेतकऱ्याच्या घरात काय चाललंय ते पेपरात छापून यायचं. विहीर खोदणाऱ्याच्या घरातलं कुठे आलं नाही, म्हणून मी सांगते.

आमच्या पहारी भिंतीला टेकून गंजत होत्या. टोळीतली माणसं एकेक करून वीटभट्टीवर गेली. आई संत्रातोडीला जायची, पण तोडायला संत्राच राहिला नव्हता. वाळलेली झाडं उपटायचं काम तेवढं निघालं. ज्या बागांत तिने वर्षानुवर्षं फळं तोडली, त्याच बागांतली खोडं ती डोक्यावरून घरी आणू लागली. त्या दोन वर्षांत आमच्याकडे जळतण कधी कमी पडलं नाही. त्यावर शिजवायचं काय, एवढाच प्रश्न होता.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. एक दिवस शेजारच्या वावरात बोअरची गाडी लागली. वडील ओट्यावरून उठले नाहीत. मी गेले. पाइपातून आधी काळा चुरा निघत होता, मग विटकरी, मग परत काळा. आमचं गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. फार खोल गेल्यावर चुरा एकदम पांढरा-गुलाबी झाला, उन्हात चमकायला लागला. पाणी लागलं नाही म्हणून मालक कपाळाला हात लावून बसला होता, आणि मी त्याच्या पायाजवळचा चुरा ओढणीत बांधत होते. त्याला काय वाटलं असेल, कोण जाणे.

वडिलांनी तो चुरा तळहातावर घेऊन चोळला.

"हा तं वरच्या नाल्यातला दगड व्हय," ते म्हणाले. "लय कडक जात. दोन घण खाल्ले त्यानं माहे."

"पण बाबा, नाल्यातला दगड इथं काळ्या दगडाच्या खाली कसा आला?"

"मले काय इचारतं? तू शिकून राहिली ना? तूच सांग."

मला सांगता येईना, आणि येत नाही याचा रागही आला. त्या रागापायीच मी अमरावतीला जाऊन भूशास्त्राला नाव घातलं. आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मामा समजवायला आले. म्हणाले, "दगड फोडाले कालेज कायले लागते? बापाच्या हाताखाली फुकटात शिकली असती पोट्टी."

आई भाकर थापत होती. तिने मान वर केली नाही. "तुमाले जेवाले बोलावलं होतं भाऊ, सल्ला द्याले नाई. जेवा."

मामा जेवले.

होस्टेलमध्ये राहून, शिष्यवृत्तीवर आणि शिकवण्या करून मी एम.एस्सी. झाले. मग अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि अमरावतीच्या सरांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय तोच, वरच्या नाल्यातला ग्रॅनाइट. तो कशापासून झाला?

हे जरा उलगडून सांगते. आमच्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्हा. पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरण म्हणून जो जाडजूड थर आहे, तिथून वितळून वर आला, पसरला, थिजला. ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. तो जमिनीत खोल, हळूहळू थंड होतो, आणि पुष्कळदा डोंगर उभे राहतात तेव्हा त्यांच्या बुडाशी तयार होतो. तो उघड्यावर दिसला तर समजायचं, इथे कधीकाळी वर मोठा डोंगर होता आणि तो झिजून गेला. सातपुडा त्या डोंगरापुढे कालचं पोर आहे. काळा लाव्हा फार नंतर त्यावर येऊन पसरला, म्हणून बोअरमध्ये ग्रॅनाइट त्याच्या खाली निघाला. आता हा ग्रॅनाइट प्रावरणातून आलेल्या नव्या रसाचा, की जुनंच कवच परत वितळून झालेला? त्याचा पुरावा त्याच्या गुलाबी खनिजात कणभर असलेल्या शिशात असतो. शिशाचे निरनिराळे प्रकार कोणत्या प्रमाणात आहेत ते मोजलं की रस कुठला होता ते कळतं. मोजायचं यंत्र दूर दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत. नंबर लागायला महिनोन्महिने.

सॅम्पल फोडायला मी वडिलांनाच घेऊन गेले. कॉलेजच्या शिपायापेक्षा त्यांचा घण नेमका बसायचा. नाल्यात तीन जागा ठरवल्या होत्या, एकूण अकरा सॅम्पल. वडील खडकाभोवती एक फेरी मारत, कुठे शीर आहे ते हाताने चाचपत आणि सांगत, "इथून उघडीन हा." तिथूनच उघडायचा. कुठल्याच पुस्तकात मला ते सापडलं नाही.

पिशव्या गेल्या. निकाल आला तेव्हा माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. सरांनी फोन करून अमरावतीला बोलावलं. ते खुर्चीत बसत नव्हते, आनंदाने येरझारा घालत होते. अकरापैकी तीन सॅम्पलमधलं शिसं भलतंच जास्त होतं आणि बाकीच्या आठांशी त्याचं काहीच जुळत नव्हतं.

"म्हणजे प्रावरणातून नवा रस वर आला, तीन ठिकाणी कवचात मिसळला. आपल्या भागात हे कोणी दाखवलेलं नाही. पेपर होईल हा, चांगल्या ठिकाणी होईल!"

मी अकोल्याच्या एस.टी.त बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत हवेतच होते. मग डायरी उघडली. वेगळे निघालेले सॅम्पल होते एक, पाच आणि नऊ. एक नंबर पहिल्या जागेचं पहिलं. पाच, दुसऱ्या जागेचं पहिलं. नऊ, तिसऱ्या जागेचं पहिलं. पृथ्वीच्या पोटातून रस येतो तो माझ्या डायरीतले नंबर बघून येत नाही.

प्रत्येक जागेवर आधी काय केलं होतं, ते मला बसमध्ये लख्ख दिसलं. नव्या खडकावर पहिला घाव घालण्याआधी विहीर खोदणारा त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावतो, नारळ फोडतो, उदबत्ती लावतो. वडिलांनी तीनही ठिकाणी ते केलं होतं. मग त्याच शेंदूरभरल्या बोटांनी पहिल्या ताज्या फोडी उचलून माझ्या पिशवीत टाकल्या होत्या; पुढच्या सॅम्पलपर्यंत बोटांचा शेंदूर पुसला गेला होता. मी शेजारी उभी राहून नंबर लिहीत होते. लहानपणापासून दर विहिरीवर बघत आले होते, म्हणून त्यात काही खटकलंच नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या रसायनाच्या मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या. "अगं, शेंदूर म्हणजे शिसंच की."

चार दिवस मी गप्प राहिले, ते लपवत नाही. मी बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं. पेपर झाला असता. पदवी वेळेत मिळाली असती. पण मला तो दगड कशाचा आहे हे सांगायचं होतं, आणि मी सांगणार होते ते खोटं होतं. पाचव्या दिवशी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

सर निकालाचा कागद पुढे ओढून परत एक, पाच, नऊ बघू लागले. शेजारच्या टेबलावरचा एक संशोधक तेवढ्यात बोललाच. "मॅडम, उदबत्तीपण लावली होती का? तिचंही काहीतरी निघेल बघा त्यात."

"लावली होती," मी म्हटलं. "तुमच्या यंत्राला वास मोजता येत असेल तर मोजा. आणि माझे वडील फोडतात तसा एक दगड फोडून दाखवा, मग हसा."

सर म्हणाले, "तीन सोडून दे. आठांवर प्रबंध होईल. लंगडा होईल, पण होईल."

"लंगडा नको, सर. परत आणते."

"मुदत माहीत आहे ना? नंबर लागला नाही तर सगळंच गेलं."

"माहीत आहे."

त्यांनी प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. वैताग चेहऱ्यावर होता, पण पत्र लिहिलं.

गावी जाऊन वडिलांना सांगणं त्याहून अवघड होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "म्हंजे माह्या हातानं तुहं काम नासलं?"

"मी बघत होते, बाबा. चूक माझी. आता परत फोडायचं, फक्त शेंदूर नाही लावायचा."

"ते नाई होनार."

"बाबा—"

"शेंदराबिगर मी घण उचलत नाई. एकदा घाई केली तं टोळीतला माणूस गेला. तवापासून नाई. तुले पटो नाई तं ना पटो."

"मग मी फोडते."

"तू?" ते हसले. "तुह्यानं नारळ फुटत नाई धड."

आई मध्ये पडली. "काहून भांडून राह्यले? सकाळी दोघंही जा, थो दगडच सांगीन काय करायचं थे."

सकाळी आम्ही नाल्यात उतरलो. मी कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या, साबण आणला होता. वडील खडकासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "तुले कोनता पाह्यजे?" जुन्या शेंदराचा डाग नसलेला, त्याच्या शेजारचा मी दाखवला. ते उताराच्या खालच्या अंगाला तसाच दुसरा एक मोठा खडक शोधत चांगली पन्नास पावलं चालत गेले.

"हा तुह्या कामाचा हाय काय?"

"नाही."

"मंग हा त्याचा मोठा भाऊ. ह्याले लावलं का त्याले पोचते."

त्यांनी मोठ्या भावाला शेंदूर लावला, नारळ फोडला, हात जोडले. परत येऊन नाल्यात साचलेल्या पाण्याने हात धुतले. मी म्हटलं, परत. त्यांनी परत धुतले. मी नखं बघितली. अंगठ्याच्या नखात केशरी रेघ होती.

"अजून एकदा."

"लगन लावाले आणलं काय मले? किती धुऊ?"

"अजून एकदा, बाबा."

तिसऱ्यांदा धुतले. फोडींना मी त्यांना हात लावू दिला नाही. फुटल्या फुटल्या मीच उचलल्या. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. तीन मोठे भाऊ शोधले. संध्याकाळच्या आत तीन पिशव्या बांधून झाल्या आणि मी त्या स्वतः आगगाडीने दक्षिणेत घेऊन गेले. प्रयोगशाळेतल्या बाईंना मी सांगितलं, नंबर लागेपर्यंत मी इथेच बसते. त्यांनी दोन दिवस मला बाकड्यावर बसलेलं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पिशव्या आत घेतल्या.

नव्या तीन सॅम्पलमधलं शिसं बाकीच्या आठांशी जुळलं. वरच्या नाल्यातला ग्रॅनाइट प्रावरणातल्या नव्या रसाचा नाही. तो त्याहून जुनं कवच, एक मोठा डोंगर उभा राहत असताना त्याच्या बुडाशी परत वितळून झालेला आहे. सर ज्या शोधाने नाचले होते तो गेला, आणि त्याच्या जागी हा साधा निष्कर्ष आला. शेंदराची हकीकत मी सॅम्पल कसे घेतले त्या प्रकरणात पूर्ण लिहिली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले आणि मी सगळ्यांची उत्तरं दिली.

प्रबंध मुदतीच्या नऊ दिवस आधी जमा झाला आणि मंजूर झाला. पुढच्या वर्षी अकोल्याच्या कॉलेजात मला कायम नेमणूक मिळाली. आजही मी तिथे भूशास्त्र शिकवते.