अक्कांची आठ चाकं

बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवूनही अक्कांनी कधी गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. नवी गाडी मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात बुडवली, आणि तीही दवाखान्याच्या साहेबांच्या देखत.

गाडी होती आठ चाकांची, होडीसारख्या बुडाची, चिखलात आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी. दवाखान्यापलीकडे मैलभर दलदल आणि तिच्या पल्याड दहा-बारा घरं. पाणी ओसरलं की तिथे बोट चालत नसे आणि माणूस कमरेपर्यंत रुतत असे. म्हणून ही गाडी आली होती. तळ्यातल्या चाचणीच्या आदल्या दिवशी अक्कांनी ती धुतली, पाणी निघून जावं म्हणून तळाची दोन्ही बुचं काढली आणि लावायला साफ विसरल्या. तळ्याच्या मधोमध पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं, तेव्हा काठावर उभा असलेला पल्याडचा म्हातारा नावाडी म्हणाला, "अक्का, पोहता येतं ना?"

गाडी दोराने ओढून काढली. मेकॅनिक साहेबांना सांगू लागला, "बहुतेक तळालाच भेग असणार..."

"भेगबीग काही नाही," अक्का मध्येच म्हणाल्या. "बुचं लावायची राहिली. चूक माझी."

साहेबांनी गाडी त्यांच्याकडेच ठेवली.

मग अक्का हात धुऊन तिच्या मागे लागल्या. इंजिन सुकवलं. चाकं चिखलात फिरत राहू नयेत म्हणून दोन्ही बाजूंच्या चार-चार चाकांवर रबरी पट्टे चढवले. पुढे रुतलेली गाडी ओढून काढायला तारेचा रहाट, आत पाणी उपसायचा पंप, एक फावडं, एक पहार आणि एक जाड ओंडका. मागे स्ट्रेचर बसेल अशी चौकट. स्ट्रेचरचे पट्टे त्यांच्या शिंपी नवऱ्याने शिवले. "माझ्या लग्नाच्या कोटालाही एवढे टाके नव्हते," तो म्हणाला. "म्हणून तर तो उसवला," अक्का म्हणाल्या.

महिन्याभरात पल्याडहून फोन आला. नावाडी पायरीवरून घसरला होता आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अक्का आणि सिस्टर निघाल्या.

अर्ध्या वाटेवर वळण घेताना डावा पट्टा चाकांवरून उतरला. चिखलात झटकन वळलं की असं होतं, हे अक्कांना माहीत होतं, पण घाई नडली. गाडी एका अंगाला कलली.

"जोर देऊन बघा ना," सिस्टर म्हणाली.

"जोर दिला तर आणखी खोल जाईल. थांबू जरा."

अक्का उतरल्या, फावड्याने चाकांमधला चिखल खरवडला आणि पहारीने पट्टा बसवला. तार बांधायला आसपास झाड नव्हतं. म्हणून पुढे हातभर खड्डा खणून त्यांनी ओंडका आडवा पुरला, त्याला तार गुंडाळली आणि रहाट सुरू केला. गाडी इंच इंच सरकत बाहेर आली. सिस्टर म्हणाली, "मी तर इथेच बिऱ्हाड करायची तयारी केली होती."

नावाडी अंगणात बाजेवर पडला होता. गाडी पाहून वेदनेतही त्याचं तोंड गप्प बसेना. "बुचं लावलीत का?"

"दोनदा बघितली. हवं तर तिसऱ्यांदा बघते," अक्का म्हणाल्या, आणि खरंच खाली वाकून पुन्हा बघून आल्या.

परतीला गाडीला हिसका बसला की तो कण्हत असे. अक्कांनी वेग माणसाच्या चालीवर आणला, पण समोर सगळीकडे सारखाच काळा चिखल. कुठे घट्ट, कुठे पोकळ, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, "ते बुटकं लव्हाळं दिसतंय? त्याच्या कडेकडेने घ्या. खाली वाळू आहे. चाळीस वर्षं होडी ढकलताना बांबू टोचलाय तिथे."

अक्कांनी काही न विचारता गाडी तिकडे घेतली. खालची जमीन घट्ट लागली. दलदलीच्या मधून जाणाऱ्या खाडीत गाडी तरंगली, चाकांनीच पाणी मारत पुढे सरकली. नावाड्याने मान उचलून दोन्ही काठ पाहिले आणि डोळे मिटले. "बोटीपेक्षा हळू जाते," तो पुटपुटला, "पण जाते."

हाड सांधायला तीन महिने लागले. काठी टेकत घरी परतण्याआधी नावाडी आठवडाभर रोज सकाळी अक्कांच्या शेजारच्या सीटवर बसला आणि दलदलीतली एकेक घट्ट वाट त्यांना दाखवत गेला. अक्कांनी ती वहीत उतरवून घेतली.