चौदा वाड्यांचा एक फॉर्म

माकुणसारच्या स्वातीला कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की ती वाद घालत नाही, लॅपटॉप उघडते. बोईसरच्या कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंग करता करता ती वेबसाइट बनवायला शिकली. मग नोकरी सोडली आणि गावच्या बागायतदार गटाची साइट एकटीने उभी केली. चौदा बागायती वाड्या, प्रत्येकीचं एक पान.

दर रविवारी गटाचं एक पत्र निघायचं होतं, ‘वाडीची खबर’. या आठवड्यात कुठल्या वाडीत कुठली भाजी, फळं तोडणार, ते त्यात कळणार. पत्र मागवायचा फॉर्म आपल्याच पानावर हवा, असा प्रत्येकाचा हट्ट! एकाला दिला की दुसऱ्याचे गाल फुगायचे. स्वातीने मग फॉर्म एकदाच बनवला आणि तोच चौदा पानांवर बसवला. वर फक्त वाडीचं नाव बदलायचं.

महिन्याने सभा भरली. अध्यक्ष कमलाकांतकाकांनी पत्र मागवणाऱ्यांची यादी मागितली. यादीत नाव एकच.

“एक? मंग साइट मुंबईच्या कंपनीलाच देऊ. हे आपलं काम नाय.”

स्वातीने यादी जवळ ओढली. ते एकुलतं एक नाव सफाळ्याच्या उषाचं होतं, पालघरच्या बाजारात भाजी विकणारीचं. स्वातीने सभेतूनच तिला फोन लावला.

“माझा भरला गेला, पण बाकी बायकांचा जात नाय गं,” उषा म्हणाली. “ई-मेल आधीच हाय, असं सांगतं.”

“कोणाचा ई-मेल टाकतात?”

“कोणाचा म्हंजे? धर्मेशचा! आमचे सगल्यांचे फॉर्म तोच भरतो ना.”

धर्मेशचं सफाळ्याला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. अख्ख्या पंचक्रोशीला मिळून ई-मेल एकच, त्याचा! सभेत हशा पिकला. स्वातीही हसली, पण बोटं लॅपटॉपवर कामाला लागली होती. ई-मेलचा रकाना काढला, मोबाइल नंबरचा घातला. पत्र आता व्हॉट्सॲपवर जाणार, प्रत्येकीने आपला नंबर टाकायचा, हे उषाला फोनवरच सांगितलं.

“चौदा पानं बदलायची म्हंजे आठवडा गेला,” काका पुटपुटले.

“झालं, काका. एकाच जागी बदललं. तुमी तुमचं पान उघडा.”

काकांनी उघडलं. शेजारच्याने आपलं उघडलं. मग सगळेच मोबाइल बाहेर आले आणि चौदाच्या चौदा पानांवर नवा रकाना! खरं सांगायचं तर त्या घटकेला स्वातीला आभाळ ठेंगणं झालं.

चहा येईपर्यंत उषाच्या ओळखीतल्या अकरा जणींची नावं आली, सभा उठेपर्यंत तेवीस.

काकांनी घसा खाकरला नि चिटणिसाला सांगितलं, “लिवा, कंपनी नको. साइट गटातच राहील. चालवणार...”

“स्वाती,” तीच म्हणाली. “नि ठरावावर सही मी आत्ताच करते.”