सुमनताईंची सैल झाकणं

सुमनताई कुठलंही झाकण घट्ट लावत नसत. बारामतीच्या प्रयोगशाळेत मी नवी होते. सांडलेलं पुसून पुसून जाम वैतागायचे. एकदा फणकारलेच. त्या म्हणाल्या, "मंदे, घट्ट लावलं तर उघडणार कोण? तुझा आज्जा?" तेव्हा कुठं त्यांची वाकडी झालेली बोटं मी नीट पाहिली. आमवात होता त्यांना. शरीराची राखणदार फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, तो.

आमचं कामही त्याच रोगावर. मूळपेशी टोचल्या की ही फौज निवळते, पण त्या पेशी फार टिकत नाहीत. हळदीचं सत्त्व डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत बांधून सोबत पाजलं, तर टिकतील, ही आशा. उंदरांच्या पायांची सूज खरंच उतरू लागली होती.

एक दिवस शेळगावहून ताईंचे वडील, आबा, आले. लेक दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पितेय हे बघून भडकलेच.

"सोताच्या हातचं औषिध सोता का खात न्हाईस?"

"आबा, उसाचं नवं बेणं आलं की तुमी सगळ्या रानात लावता व्हय? आधी चार सऱ्या लावून बघता न्हवं?"

"मग तूच हो की ती सरी!"

ताईंनी कप बाजूला सारला.

आबा गेल्यावर ताईंनी फ्रिजमधून त्या हळदीच्या औषधाची बाटली काढली. झाकण नेमकं मी लावलेलं, घट्ट. दोनदा झटल्या, मग बाटली माझ्यापुढं धरली. "उघड."

मी उघडली. देवाशपथ सांगते, मनात म्हटलं, प्या एकदाच्या, चुलीत गेलं ते शास्त्र! त्यांनी बाटली ओठांपाशी नेली.

मग त्यांनी ती खाली ठेवली. "मला बरं वाटलं तर आबा गावभर सांगत्याल. उद्या अख्खं शेळगाव दारात. अन् कुणाचं लिव्हर गेलं, तर?" आणि उंदरांचा डोस मोजायला बसल्या. मला इतका राग आला होता, की मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

यंदा माणसांवर चाचणीची परवानगी आली. ताई आता शेळगावात अंथरुणाला खिळल्यात. आजार फार पुढं गेलाय, म्हणून त्या चाचणीत बसत नाहीत. फोनवर हे सांगताना मला रडू फुटलं.

"रडतीस काय? चार सऱ्या लागल्या की एकदाच्या! पहिली कोण हाय?"

"पणदऱ्याची. दोन लेकरांची आई."

"बाटल्या घरी नेणार न्हवं ती? मंदे, झाकणं सैल लाव."